पोडावरची पोरं आणि आपली वेचणी

(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याच्या पत्रकावर कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी आणि विजेची बिलं असे तीनच विषय छापले होते. चौथा आम्ही आयत्या वेळी घातला, आदिवासी पोरांच्या शाळेचा. तो पुकारल्यावर मंडपाच्या कडेचे चार-सहा जण चहाला उठले, ते आम्ही पाहिलं. चहा पिऊन या, पण परत या. हा विषय आपल्याच वावरातून सुरू होतो.

आपला कापूस कोण वेचतं? दिवाळीच्या आगेमागे पऱ्हाटी पांढरी झाली की मारेगाव, झरी जामणी, पांढरकवडा, घाटंजीकडच्या पोडांवर आपल्याच गाड्या जातात. किलोमागे दर ठरतो. बाई येते, तिच्याबरोबर आठ-दहा वर्षांची मुलगी येते, मुलीच्या कडेवर धाकटं येतं. मुलीला वेगळी मजुरी नसते. तिचा कापूस आईच्या गाठोड्यात तोलला जातो. आपल्या वहीत तिचं नावच नाही. शाळेच्या वहीत नाव आहे, पण पुढे नुसत्या फुल्या.

उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी नीट धरत नाहीत, म्हणून आपण सरकारशी भांडत आलो. मग या पोरीची मजुरी आपण कुठल्या खात्यात धरली? कापसाला भाव नाही, वेचणीचा दर परवडत नाही, हे सगळं खरं आहे. त्यासाठी तर आपण इथे जमलो. पण आपला तोटा आपण खाली ढकलत ढकलत शेवटी एका पोरीच्या पाटी-दप्तरावर नेऊन ठेवला, हेही खरं आहे. बालमजुरीचा कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर स्वतःच्या घरच्या कामात हात लावायला तेवढी मुभा आहे. दुसऱ्याचं वावर म्हणजे घरचं काम नव्हे.

आता कोणी म्हणेल, ती पोरं शाळेत गेली तरी काय शिकतात? चौथीतल्या पोराला वाचता येत नाही. बरोबर आहे, येत नाही. पण का येत नाही?

आपलं पोर पहिलीत गेलं तेव्हा गुरुजी ‘पाणी’ म्हणाले आणि त्याला कळलं. कोलामाच्या घरात पाण्याला ‘ईर’ म्हणतात, गोंडाच्या घरात ‘येर’, मेळघाटात कोरकूंच्या घरात ‘डा’. गोंडी आणि कोलामी या तेलुगू-कन्नडच्या कुळातल्या भाषा. कोरकूचं कुळ त्याहून वेगळं, तिकडे संथाळी-मुंडारीकडचं. म्हणजे ही मराठीची अशुद्ध रूपं नव्हेत, वेगळ्याच भाषा आहेत. सहा वर्षांचं पोर पहिल्या दिवशी परक्या मुलखात येऊन बसतं. ते गप्प राहिलं की गुरुजी समजतात, ढ आहे. दोन-तीन वर्षांत पोरालाही ते पटतं. आपल्याला एक दिवस दिल्लीच्या कचेरीत उभं केलं आणि समोरचा साहेब इंग्रजीत बोलायला लागला, तर आपण किती हुशार दिसतो ते आठवून पाहा.

कायद्यात सोय नाही असंही नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, असं राज्यघटनेत कलम ३५० क आहे, १९५६ पासून. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही ते आहे, पण ‘व्यवहार्य असेल तोवर’ असं शेपूट लावून. या शेपटाची आपल्याला चांगली ओळख आहे. खरेदी केंद्रावर ‘बारदाना उपलब्ध असेल तोवर’ म्हणतात, तेच हे.

आणि व्यवहार्य नाही म्हणावं, तर पैनगंगेच्या पलीकडे पाहा. तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने २००४ मध्ये आठ भाषांतून पहिलीचे वर्ग सुरू केले, त्यांत गोंडी आणि कोलामी होत्या. ओडिशाने त्यानंतर दोन-तीन वर्षांत दहा आदिवासी भाषा घेतल्या. आधी घरच्या भाषेत अक्षर ओळखायचं, मग हळूहळू राज्याच्या भाषेकडे यायचं, एवढीच युक्ती. नदीच्या त्या काठावर कोलामी पुस्तकात छापता आली, मग या काठावर तिला काय अडचण आहे? आपल्याकडे गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी शाळा काढली, तर २०२२ मध्ये परवानगी नाही म्हणून तिला नोटीस आली. सरकार स्वतः करत नाही ते गावाने केलं की बेकायदा ठरतं, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

शिकवण्याचं झालं. आता राहण्याचं. राज्यात पाचशेच्या घरात शासकीय आश्रमशाळा आहेत आणि तेवढ्याच, किंबहुना थोड्या जास्त, अनुदानित. गेल्या हिवाळ्यात आम्ही चार कार्यकर्ते अशाच एका शाळेत गेलो. नाव सांगत नाही. तिथले अधीक्षक म्हणाले, ही पोरं पळतातच, रक्तातच आहे त्यांच्या. एक तिसरीतला पोरगा तीनदा पळाला होता, वीसेक किलोमीटर डांबरी रस्त्याने पायी. आमच्याबरोबर पोडावरचा एक कार्यकर्ता होता. तो पोराजवळ उकिडवा बसला आणि कोलामीत बोलू लागला. दहा मिनिटं पोरगा जमीन उकरत राहिला, मग बोलला. रक्ताबिक्तातलं काही निघालं नाही. संडास इमारतीच्या मागे, वाटेवरचा दिवा दिवाळीपासून गेलेला. रात्री बाहेर जायची भीती वाटे, अंथरूण ओलं होई, सकाळी पोरं हसत. तीनदा पळाला, पण एकदाही कोणी त्याच्या बोलीत विचारलं नव्हतं की, बाबा, का पळतोस?

बल्ब आम्ही त्याच संध्याकाळी आणून लावला. त्यानंतर तो पळालाच नाही, असं सांगायला आवडलं असतं. एकदा पळाला, होळीला. होळीला आदिवासीचं पोर घरी नको, तर कुठे पाहिजे?

सगळेच गुरुजी वाईट आहेत असं आम्ही म्हणत नाही. जंगलातल्या शाळेत एकटे राहून पोरांची भाषा शिकलेले शिक्षक आम्ही पाहिलेत. त्यांची बदली मात्र आधी होते. डहाणूकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारल्यांच्या पोरांसाठी काय केलं ते जुन्या माणसांना ठाऊक असेल. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पोरं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ हे नावच पडलं. आज उलट चाललंय. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचं शासनाने २०२३ मध्ये काढलं. कोलाम पोड मुळात किती घरांचं असतं? पंचवीस-तीस. तिथे वीसचा पट कुठून आणायचा? शाळा लांब गेली की पोरगा कदाचित जाईल. नाला ओलांडून पोरीला कोणी पाठवत नाही. मग ती आपल्याच वावरात येते.

म्हणून कार्यकारिणीने ठरवलं ते सांगतो, भांडायचं तर आत्ताच भांडा. चौदा वर्षांखालचं पोर वेचणीत दिसलं, तर त्या वावराचा मालक आपल्या संघटनेचा पदाधिकारी राहणार नाही. आईबरोबर तान्हं येणारच, त्याला सावली आणि पाणी मालकाने द्यायचं. दुसरं, शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये शाळेचं वर्षाचं वेळापत्रक ठरवायचं काम स्थानिक प्राधिकरणाला दिलंय. तेव्हा पोडांवरच्या शाळांची सुटी वेचणी आणि होळी बघून लावा, हे मागायला आपण जिल्हा परिषदेवर जायचं, भावाच्या मोर्चाला जातो तसं, शिदोरी बांधून. वेचणीला आई-बाप दूर जाणार असतील, तर हंगामी वसतिगृह गावातच हवं. तिसरं, शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण जागा पालकांच्या असतात, निम्म्या बायकांच्या. आपल्या गावच्या समितीत पोडावरची किती माणसं आहेत ते जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी अंगठा त्यांचा आणि खुर्ची आपली आहे. ती खुर्ची रिकामी करायची.

मघाशी मागून एक भाऊ म्हणाला, पोरं शाळेत बसली तर वेचणीचा दर वाढेल. वाढेल. किलोमागे रुपया-दोन रुपये वाढेल. तो उत्पादन खर्चात धरा आणि त्या हिशेबाने भाव मागा. निदान हिशेब खरा होईल.

सीतादही व्हायला फार दिवस राहिले नाहीत. तालुकाप्रमुखांनी पुढच्या बैठकीला येताना आपापल्या भागातल्या पोडांची यादी आणावी: शाळा किती अंतरावर, शिक्षक किती, कुठली बोली, आणि रात्रीचा दिवा लागतो की नाही. यादी ऐकीव नको. पोडावर जाऊन, बाजेवर बसून, विचारून केलेली पाहिजे.