दिव्याचा दर आणि उजेडाचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस विजेच्या दिव्यांविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. वधूवर-परिचय आणि गुणवंतांचा सत्कार यांच्या मध्ये हा रुक्ष विषय कशासाठी, असे कित्येकांस वाटेल. परंतु आज दुपारच्या सभेपुढे एक सूचना यावयाची आहे. वसतिगृहाच्या अभ्यासिकेतील एल.ई.डी. दिवे काढून टाकावेत व पूर्वीच्या ट्यूबलाइट पुन्हा बसवाव्यात, अशी ती सूचना आहे. तिच्यावर हात वर करण्यापूर्वी आपण ही वस्तू मुळात काय आहे, हे समजून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.

प्रथम आमच्या चुकीची कबुली देतो. पाच वर्षांपूर्वी अभ्यासिकेचे दिवे बदलले, तेव्हा खरेदी-समितीत आम्हीही होतो. तीन दुकानांचे दर मागविले, सर्वांत कमी दर पाहिला आणि चोवीस दिवे घेऊन आलो. पत्र्याच्या छपराखाली जे खोटे छत आहे, त्यात ते चारी बाजूंनी बंद करून बसविले. दोन उन्हाळे गेले आणि चोवीसांपैकी अकरा दिवे एक तर विझले, नाही तर लुकलुकू लागले. बारावीतील एक विद्यार्थी आम्हांस म्हणाला, "काका, पुस्तकावरची ओळ हलते आहे असे वाटते." ते वाक्य आम्ही अद्याप विसरलो नाही. शेतात राबून आईबापांनी ज्याला शिकावयास पाठविले, त्याच्या पुस्तकावर आपण असा उजेड पाडला! दोष मात्र दिव्याच्या शास्त्राचा नव्हता. तो आमच्या खरेदीचा होता.

आता ते शास्त्र थोडक्यात पाहू. जुन्या बल्बमध्ये धातूची बारीक तार तापून पांढरी होते व त्या तापण्यातून उजेड पडतो. अर्थात विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जातो आणि प्रकाश हे जणू उपउत्पादन ठरते. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेतून वीज जाते. त्यातून निघणारे अदृश्य किरण नळीच्या आतील पांढऱ्या लेपावर पडून दृश्य प्रकाश होतो. एल.ई.डी. मध्ये तापणारी तार नाही, पारा नाही, वायूही नाही. दोन प्रकारच्या अर्धसंवाहक पदार्थांचे थर एकमेकांस जोडलेले असतात. त्या सांध्यातून वीज वाहताना इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा थेट प्रकाशाच्या रूपाने सोडतात. जोंधळ्याच्या दाण्याएवढा तो तुकडा असतो.

डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारा असा दिवा अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली तयार केला. पण तांबड्या उजेडात घर चालत नाही. पांढऱ्या प्रकाशासाठी निळा दिवा हवा होता आणि तो साधण्यास पुढे सुमारे तीस वर्षे लागली. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांनी ते कार्य केले व २०१४ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरातील पांढरा दिवा म्हणजे निळ्या दिव्यावर दिलेला पिवळसर लेप होय. निळा व पिवळा मिळून डोळ्यांस पांढरे दिसते.

यातून लाभ कोणता, हे आकड्यांनीच सांगणे बरे. आपण दुकानात "किती वॅटचा?" असे विचारतो. वॅट हे विजेच्या खाण्याचे माप आहे, उजेडाचे नव्हे. उजेडाचे माप ल्युमेन. बैल किती कडबा खातो यावरून तो किती नांगरतो हे ठरत नाही, तसेच हे आहे. ६० वॅटचा जुना बल्ब सुमारे ७०० ल्युमेन देत असे. ९ वॅटचा चांगला एल.ई.डी. दिवा ८०० ते ९०० ल्युमेन देतो. म्हणजे खाणे सातव्या हिश्शाहून थोडे अधिक आणि काम मात्र सवाई.

५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची 'उजाला' योजना सुरू झाली व तिच्यातून ३६ कोटींहून अधिक दिवे देशभर वाटले गेले. एकगठ्ठा खरेदीमुळे जो दिवा जानेवारी २०१४ मध्ये सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडत होता, तो चार वर्षांच्या आत ३८ रुपयांवर आला. श्रीमंताच्या दिवाणखान्यातील वस्तू अशा रीतीने मजुराच्या झोपडीत आली.

आता अभ्यासिकेचाच हिशेब मांडू. जुनी ट्यूब ४० वॅटची, तिचा चोक आणखी सुमारे १२ वॅट खाणारा, एकूण ५२. नवा दिवा २० वॅटचा. प्रत्येकी ३२ वॅट वाचले. चोवीस दिवे, रोज सहा तास, वर्षाचे ३०० दिवस धरले, तर सुमारे १,३८० युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरल्यास वर्षाकाठी १३,८०० रुपये होतात. एका होतकरू मुलाच्या पुस्तकांचा खर्च एवढ्यात सहज निघावा. सूचना मांडणाऱ्या बंधूंनी एवढी रक्कम दरवर्षी कोठून आणावयाची, हेही सभेस सांगावे.

मग आपले दिवे मेले का? येथे आपल्या खानदेशाचा प्रश्न येतो. एल.ई.डी. चा दिवा हाताला फारसा पोळत नाही, म्हणून तो थंड असतो असा आपला समज होतो. तो खरा नव्हे. तो उष्णता प्रकाशाबरोबर बाहेर फेकीत नाही. ती त्या दाण्याएवढ्या तुकड्यात, आतच साठते. ती बाहेर काढण्यासाठी पाठीमागे अॅल्युमिनियमचा जाड भाग द्यावा लागतो व त्यास वारा लागावा लागतो. दुसरे नाजूक अंग म्हणजे ड्रायव्हर. घरातील २३० व्होल्टची वीज दिव्यास सोसेल अशी करून देणारे ते यंत्र. त्यातील कपॅसिटर नावाचा भाग उष्णतेने आतून सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे.

आता विचार करा. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो. धुळ्याचा उन्हाळाही काही सौम्य नव्हे. तापलेला पत्रा आणि खोटे छत यांच्यामधील कोंडलेली हवा त्याहून कितीतरी अधिक तापते. त्या भट्टीत आम्ही पातळ पत्र्याचा, हलक्या ड्रायव्हरचा दिवा कोंडला. आपले पूर्वज धाब्याच्या घरात राहत, ते उगाच नव्हे. उन्हाचा विचार करून त्यांनी घर बांधले. आम्ही उन्हाचा विचार न करता दिवा टांगला.

खोक्यावर २५,००० तास आयुष्य छापलेले असते. त्याचाही अर्थ नीट समजून घ्यावा. तेवढ्या तासांनी दिवा विझतो असे नव्हे. मूळच्या उजेडाचे ७० टक्के शिल्लक राहण्याचा तो सर्वसाधारण काळ असतो आणि तोही ठराविक तापमानात मोजलेला. आपल्या छतातील तापमान कारखान्याने मोजलेले नसते.

तेव्हा खरेदीचे काही नियम आम्ही सुचवितो. घरोघरीही ते उपयोगी पडतील.

पहिला, वॅट न विचारता ल्युमेन विचारावेत आणि ते वॅटने भागून पाहावेत. वॅटमागे शंभराच्या आसपास ल्युमेन पडत असतील तर दिवा बरा. भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक खोक्यावर आहे की नाही, तेही पाहावे.

दुसरा, दिवा हातात घेऊन वजन पाहावे. पाठीचा धातू जाड हवा. पत्र्याखाली बंद खोबणीत दिवा बसवू नये. छताखाली, वारा लागेल असा उघडा बसवावा.

तिसरा, विजेचा दाब कमीजास्त होणे आणि वळवाच्या पावसातील विजांचा कडकडाट हे आपल्याकडे नित्याचे आहे. म्हणून दाबाचा मोठा पल्ला सोसणारा व सर्जपासून संरक्षण असलेला ड्रायव्हर मागावा. शक्य तर ड्रायव्हर वेगळा बदलता येईल असाच दिवा घ्यावा.

चौथा, लुकलुक पाहावी. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहिले असता काळे पट्टे ठळकपणे सरकताना दिसले, तर तो दिवा अभ्यासासाठी घेऊ नये. वाचण्याच्या टेबलावर सुमारे ३०० लक्स, म्हणजे चौरस मीटरला ३०० ल्युमेन, उजेड असावा. अभ्यासिकेत ४००० केल्व्हिनचा स्वच्छ पांढरा व निजण्याच्या खोलीत ३००० केल्व्हिनचा पिवळसर प्रकाश लावावा. रात्री उशिरापर्यंत निळसर प्रखर उजेड झोपेस मारक असतो.

पाचवा, दुकानदाराची पावती व हमीपत्र मंडळाच्या दप्तरी राहावे आणि दिवा बसविल्याची तारीख वहीत लिहावी. आमच्या अकरा दिव्यांची हमी शिल्लक होती. पावती मात्र कोणाच्या खिशात गेली, ते आजतागायत कळले नाही. (हशा)

दोनशे रुपयांचा दिवा दोन वर्षे टिकला आणि चारशेचा आठ वर्षे टिकला असे धरा. आठ वर्षांत स्वस्त दिव्यांवर आठशे रुपये आणि वर वायरमनची मजुरी जाईल. स्वस्त कोणता, ते कापूस आणि केळीचा व्यवहार करणाऱ्या आपल्या समाजास आम्ही सांगावे असे नाही.

बंधुभगिनींनो, भुसावळजवळ दीपनगर आहे. तेथे कोळसा जळतो आणि आपल्या घरी दिवा लागतो. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला सूर्यापासून वीज होते. वीज कशीही होवो, तिच्यामागे कोणाचे तरी श्रम आणि भूमीचे देणे असते. ती वाया घालविण्याचा अधिकार आपणांस नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवीत असता तेथील छात्रालयही सांभाळीत. वसतिगृह म्हणजे नुसत्या भिंती व भोजन नव्हे, मुलांची काळजी वाहणारे कोणी तरी तेथे असावे लागते, हा धडा खानदेशास त्यांच्याकडून मिळालेला आहे. मुलांच्या पुस्तकावर पडणारा उजेड हा त्या काळजीचाच भाग होय.

म्हणून आमची उपसूचना अशी : ट्यूबलाइटकडे परत जाऊ नये. अकरा दिवे प्रथम बदलावेत, उरलेले तेरा खोबणीतून काढून उघड्यावर बसवावेत आणि खरेदी वरील नियमांनी व्हावी. दात्यांनी आपले नाव दिव्यावर न रंगविता भिंतीवरील फलकावर लिहू द्यावे. दिव्यावर रंगविलेले नाव तेवढा उजेड अडविते. बदललेल्या अकरा दिव्यांचा खर्च आम्ही स्वतः सोसू. चूक आमची होती, तेव्हा प्रायश्चित्तही आमचेच.