डोरोथीचे लाल बूट

१९३९ साली एमजीएम स्टुडिओने ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा संगीतमय चित्रपट पडद्यावर आणला. एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या मूळ बालकादंबरीत नायिका डोरोथीचे बूट रुपेरी होते. चित्रपटात मात्र टेक्निकलर या रंगीत चित्रणतंत्रात उठून दिसावेत म्हणून ते माणकासारखे लाल झाले. चित्रपटातलं कॅन्ससचं चक्रीवादळ म्हणजे गरगर फिरवलेला, सुमारे ३५ फुटी मलमलीचा सोगा! टिन मॅन हे पात्र साकारणारे बडी एबसेन मात्र रंगभूषेतल्या ॲल्युमिनियमच्या भुकटीमुळे थेट इस्पितळात पोहोचले आणि ती भूमिका जॅक हेली यांच्याकडे गेली. डोरोथी साकारणाऱ्या जूडी गारलंड यांनी गायलेलं ‘ओव्हर द रेनबो’ हे गाणं संकलनाच्या कात्रीतून थोडक्यात वाचलं आणि त्यानेच ऑस्कर पटकावलं. पहिल्या प्रदर्शनात चित्रपटाला नफा झाला नव्हता. पुढे १९५६ पासून दूरचित्रवाणीने हा चित्रपट अमेरिकेत घरोघरी नेला.