डोळ्यातील पहारेकरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि केंद्र सरकारचा एक सेवक आहे. तरीही डोळ्यांविषयी बोलण्याचे धाडस करतो, त्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्यात काचबिंदू आढळला. वेदना नव्हती, लाली नव्हती. म्हणून बदल्या आणि फायली यांच्या सबबीवर मी तपासणी टाळीत आलो होतो. तोवर दृष्टीचा एक कोपरा कायमचा मिटला होता. तो परत का येत नाही, या प्रश्नाने मला वाचनाकडे वळविले.

दृष्टिपटलापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत दहा लाखांहून अधिक सूक्ष्म धागे असतात. हाताचा मज्जातंतू तुटला तर भक्षकपेशी धावून येतात, मोडतोड उचलून नेतात आणि धागे हळूहळू वाढू लागतात. दृष्टीचा मज्जातंतू हा मेंदूचाच विस्तार. तेथे ही सफाई फार मंद चालते आणि उरलेली मोडतोडच नव्या धाग्यांची वाट अडविते.

या प्रदेशात पहारा असतो तो मायक्रोग्लिया नामक पेशींचा. स्पेनचे शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ साली मेंदूतील या पेशींची स्वतंत्र ओळख पटविली. एरवी त्या उपकारक असतात. परंतु चिथावल्या गेल्या की शेजारच्या आधारपेशींनाही घातक बनवितात, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्यांचे रासायनिक संदेश रोखले, तेव्हा मज्जातंतू तोडलेल्या उंदरांच्या दृष्टिपटलातील पेशी वाचल्या. २०१८ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. डोळ्यातील दाब वाढविलेल्या उंदरांत रक्तातील टी-पेशी दृष्टिपटलात शिरून नाश चालू ठेवीत होत्या. जंतुविरहित वातावरणात वाढलेल्या उंदरांत मात्र तो नाश झाला नाही.

मग या पहारेकऱ्यांना सरसकट हाकलून द्यावे काय? तसेही नाही. २००० साली उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांत नेत्रभिंगाला इजा करताच भक्षकपेशी डोळ्यात जमल्या आणि तुटलेल्या मज्जातंतूचे धागे वाढू लागले. २००६ साली त्या पेशींतून स्रवणारे ऑन्कोमोड्युलिन हे वाढीला चालना देणारे प्रथिन ओळखले गेले. जे मारतात त्यांच्याच गोतावळ्यात तारणारेही आहेत. कोणाला केव्हा आवरावे आणि कोणाला केव्हा बोलवावे, हे विज्ञान अद्याप शिकत आहे.

परंतु मित्रहो, हे प्रयोग प्राण्यांवरील आहेत. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत आणणारा उपचार आज उपलब्ध नाही. दाब कमी करून उरलेली दृष्टी राखता येते, एवढेच. मी रोज रात्री औषधाचे थेंब घालतो, ते गेलेल्यासाठी नव्हे, उरलेल्यासाठी.

हा विकार घराण्यात उतरू शकतो हे कळताच मी धाकट्या बंधूंना पत्र लिहिले. त्यांच्याही डोळ्यात तो निघाला, पण वेळेत. त्यांची दृष्टी शाबूत आहे. माझ्या वाचनाचे सार्थक त्या एका पत्रात झाले, असे मी मानतो.

म्हणून एक विनंती. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने केवळ चष्म्याचा नंबर काढून थांबू नये. डोळ्यातील दाब आणि मज्जातंतू दोन्ही तपासून घ्यावेत. मंडळाने यापुढे गणेशोत्सवातील एक दिवस नेत्रतपासणीसाठी राखून ठेवावा. त्या दिवशी रांगेत पहिला उभा राहण्यास मी तयार आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!