भिंत घालण्याआधी

मंडळी, सुगी झाली, हातात चार पैसे आले, की घराला काहीतरी करावंसं वाटतं. कोणी दारापुढे ओटा बांधतो, कोणी परसाला भिंत घालतो, कोणी गोठ्यावर नवे पत्रे टाकतो. काम लहान दिसते. मग आपण म्हणतो, "एवढ्याशा कामाला कसली परवानगी अन् कसली चिठ्ठी?" पण गावातली भांडणे पाहा. ती माडीवरून होत नाहीत. ती ओट्यावरून, बांधावरून, वळचणीच्या पाण्यावरून होतात. भावाभावांचं बोलणं बंद होतं ते पागोळीच्या पाण्यानं.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालचा आहे. त्यात 'इमारत' या शब्दाचा अर्थ दिला आहे. तो ऐकून पुष्कळांना नवल वाटते. इमारत म्हणजे नुसते घर नव्हे. झोपडी, छप्पर, भिंत, पडवी, बांधीव ओटा, जोते, दाराची पायरी, हे सारे इमारतच! आणि गावाच्या हद्दीत इमारत बांधायची तर पंचायतीची परवानगी आधी घ्यावी, असे या कायद्याचे कलम ५२ सांगते. काम झाल्यावर नव्हे, आधी.

त्याच्या पुढचे कलम ५३. रस्त्यावर किंवा गावाच्या मोकळ्या जागेवर भिंत, कुंपण, ओटा, पायरी आणली तर दंड होतो. पंचायत ते बांधकाम काढू शकते. काढण्याचा खर्चही बांधणाऱ्याकडूनच घेते. म्हणजे बांधायला पैसे आणि पाडायलाही पैसे.

असा एक पाडलेला ओटा मी पाहिला आहे. हातभरच पुढे आला होता. पण त्या बोळातून ट्रॅक्टर वळेना. घरधनी सांगत होता, "सरपंच आपलेच होते. त्यांनी बांधा म्हटलं होतं." म्हटलं असेल. पण निवडणूक झाली, सरपंच बदलले, आणि तोंडचा शब्द कोणाला दाखवणार? कागद असता तर तेव्हाच कळले असते, की हातभर मागे सरायला हवे.

म्हणून अर्ज करायचा. ग्रामसेवकांकडे जायचे, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. काय बांधायचे, किती लांब, किती उंच, रस्त्यापासून आणि शेजाऱ्यापासून किती आत, हे लिहायचे. साधा नकाशा जोडायचा. अर्जाची पोच घ्यायची. पोचेवर तारीख आणि शिक्का आहे का, ते तिथेच वाचून पाहायचे. आता तुम्हाला वाचता येते. कोणाच्या तोंडाकडे बघायचे कारण नाही.

इथे एक गैरसमज फार आहे. "मी घरपट्टी भरतो, नमुना ८ वर माझं नाव आहे, म्हणजे जागा माझी." तसे नाही. नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे. त्याने मालकी ठरत नाही. २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देतात. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर ती पत्रिका काढा आणि हद्द पाहून मगच पाया आखा. शेतात बांधायचे असेल तर तलाठ्यांना विचारा, त्याचे नियम वेगळे आहेत. घर मोठ्या डांबरी रस्त्याकाठी असेल, तर रस्त्यापासून किती अंतर सोडायचे, तेही विचारून घ्या.

आता मिस्त्री. चांगला मिस्त्री कसा ओळखावा? त्याने दोन पावसाळ्यांपूर्वी बांधलेली भिंत जाऊन पाहावी. नवी भिंत सगळ्यांचीच सुंदर दिसते.

काम उक्ते द्यायचे तर चिठ्ठी करा. स्टँप कागदावर केली तर उत्तम, निदान वहीच्या कागदावर तरी करा. पाया किती खोल, भिंत किती इंच जाड, माल कोणी आणायचा, दर काय, काम कधी पुरे करायचे, सगळे लिहा. दोघांच्या सह्या घ्या. दोन साक्षीदार ठेवा. पायाची खोली तर विसरूच नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभी केलेली भिंत तडकते. कठीण मुरूम लागेपर्यंत खणायला हवे, आणि ते चिठ्ठीत नसेल तर मिस्त्री वरच थांबतो.

माल तुम्ही आणणार असाल तर ट्रॉली मोजून घ्या. वाळू, खडी ब्रासने मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि आत माल २ फूट उंच असेल, तर १० गुणिले ५ गुणिले २, म्हणजे १००. एक ब्रास भरला. पण माल दीड फूटच असेल तर? ७५ घनफूट. म्हणजे पाऊण ब्रास! पैसे मात्र पुऱ्या ब्रासचे मागतील. आमच्या वर्गातल्या एका बाईंनी हा हिशेब जागेवर करून दाखवला, तेव्हा ट्रॉलीवाला मुकाट्याने पाव ब्रास उणा धरून पैसे घेऊन गेला. मला फार बरं वाटलं.

विसार थोडाच द्या. जोत्यापर्यंत काम आले की एक हप्ता, भिंत पुरी झाली की दुसरा. गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारायचे. ते कोण मारणार, हेही चिठ्ठीत लिहा. घरच्या बायकांवर ते आपसूक पडते. काही रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवायची, असे आधीच ठरवा. मात्र ठरलेली तारीख आली की मिस्त्रीला ताटकळत ठेवू नका. त्याच्या हाताखाली बिगारी असतात, त्यांची चूल त्यावर पेटते.

उद्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा आणा. मी टेप आणतो. उताऱ्यावर किती जागा लिहिली आहे आणि जागेवर किती भरते, ते मोजून पाहू.