क्षेत्रशुद्धी आणि मनःस्वास्थ्य



द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अंगांनी विचार करण्याची जैन परंपरा आहे. सामायिकास बसणारा श्रावक प्रथम स्थान पाहतो. जेथे कोलाहल नाही, जीवजंतूंचा उपद्रव नाही, अशी स्वच्छ जागा निवडूनच तो दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, समभावाची साधना करतो. क्षेत्र अशुद्ध असेल तर भाव स्थिर राहत नाही, हे पूर्वाचार्यांनी जाणले होते. ४८ मिनिटांसाठी जे सत्य आहे, ते दिवसाच्या उरलेल्या तेवीस तासांसाठी का नसावे?

आधुनिक शास्त्रही याच दिशेने बोट दाखवते. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या समोर विटांची भिंत होती. झाडे पाहणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि तीव्र वेदनाशामके त्यांना कमी लागली. अभ्यास लहान होता. परंतु खिडकीबाहेर काय दिसते याचाही देहमनावर परिणाम होतो, हा विचार त्याने पुढे आणला.

जुन्या वाड्यात चौक होता, ओसरी होती. निवडण-टिपण करता करता सुखदुःखाच्या गोष्टी होत. सून माहेरच्या आठवणीने रडली तर शेजारची काकू न बोलावता येऊन बसे. वाड्यात दोष नव्हते असे नाही. अंधार होता, भांडणे होती, एकांत मुळीच नव्हता. सदनिकेने उजेड, पाणी आणि स्वतंत्र खोली दिली. मात्र त्याबरोबर दारही बंद झाले. वाड्यातून चौथ्या मजल्यावर गेलेल्या वृद्ध श्राविकेचे गुडघे जिना उतरू देत नाहीत. तिचे मंदिर सुटते, स्वाध्याय सुटतो. मुले दुकानात, नातवंडे शिकवणीला. घरात कशाचीही उणीव नसते, आणि तरीही ती दिवसेंदिवस अबोल होत जाते. घरच्यांना वाटते, वय झाले.

श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रतात क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, यांचीही मर्यादा सांगितली आहे. सामानाने भरलेल्या घरात माणसाला बसण्यास जागा उरत नाही, आणि मनालाही नाही. आवाजाचेही तसेच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. इतरांच्या ध्वनिवर्धकाविषयी तक्रार करण्यापूर्वी समाजाने आपल्या मिरवणुकांचा आवाज तपासावा. शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडणे ही सूक्ष्म हिंसाच होय.

अर्थात, परिसर सुधारला की प्रत्येक मन बरे होईल, असे नाही. नैराश्य हा आजार आहे. तो कर्मदोष म्हणून झाकून ठेवू नये. त्यासाठी वैद्यकीय उपचार घ्यावेत. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने भव्य वास्तूचा संकल्प जरूर करावा. त्याबरोबर मंदिराच्या पायरीला आधाराचा कठडा, आवारात दोन झाडे, सावलीत एक बाक आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्यांकडे आठवड्यातून एकदा जाणारे दोन स्वाध्यायी, एवढेही करावे. जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे, ही तत्त्वार्थसूत्राची शिकवण आहे. संवत्सरीला शेजाऱ्याची क्षमा मागणारे हात वर्षभरात एकदा तरी त्याच्या दाराची कडी वाजवोत, हीच जिनचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!