जुन्या वस्तूचा भाव करताना



बिस्किटाचा पुडा घेताना आपण भाव करत नाही. कमाल किरकोळ किंमत पुड्यावरच असते. वजनमापाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे ती छापावीच लागते. जुन्या वस्तूवर असं कुणी काही छापत नाही. पुण्यात मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. तिथे एकाच ताडपत्रीवर पितळी कुलूप, पान्ह्यांचा जुडगा, वातीचा स्टोव्ह आणि कुणाच्या तरी लग्नात आहेर आलेलं भिंतीवरचं घड्याळ शेजारी शेजारी पडलेलं असतं. मुंबईत मटण स्ट्रीटवर, चोर बाजारात, हाच प्रकार मोठ्या थाटात चालतो. या सगळ्या वस्तूंची किंमत दोन माणसांनी समोरासमोर उभं राहून, बोलून ठरवायची असते. म्हणून तिथे घासाघीस करण्यात कमीपणा अजिबात नाही. उलट सांगितल्या भावाला मुकाट्याने पैसे मोजले, तर विकणाराच दिवसभर चुटपुटत बसतो, की आपण कमी तर नाही ना सांगितले!

पण किंमत बोलण्यावर ठरते, म्हणूनच बोलण्याला रीत लागते. या रीतीतली पहिली गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. घ्यायचं नसेल तर भाव सांगू नये. ‘कितीला?’ असं विचारणं वेगळं. ते खुशाल दहा ठिकाणी विचारावं. पण ‘तीनशेला देता का?’ असं आपण म्हटलं आणि समोरच्याने ‘घ्या’ म्हटलं, की वस्तू आपली झाली. तिथून ‘जरा फिरून येतो’ म्हणत सटकणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या पाठीकडे बघणारे विकणारेही. अशा वेळी विकणाऱ्याचा राग पैशांपेक्षा शब्दाचा असतो. त्याने आपला आकडा सोडला, तुमचा मानला आणि तुम्ही तोच खाली टाकलात. आकडा सांगायच्या आधी मात्र कितीही फिरा, दोनदा येऊन बघा, उद्या या. त्यात कुणालाच वाईट वाटत नाही.

सकाळी भवानी व्हायची असते, त्या वेळी तर हे जास्तच जपावं. पहिल्या गिऱ्हाइकाला विन्मुख पाठवायचं नाही, ही विकणाऱ्याची श्रद्धा असते. त्यापायी तो कधी कधी पदरचं सोडूनही माल देतो. पहिली नोट कपाळाला लावतो. हे ठाऊक असलेले काही जण मुद्दाम सकाळी लवकर जातात आणि ‘भवानीची वेळ आहे, नाही म्हणू नका’ असं म्हणून भाव पाडतात. दुसऱ्याच्या श्रद्धेवर काढलेली ही सूट मला घेववत नाही.

आता भाव नेमका कशाच्या आधारावर करायचा? वस्तूच्या. आणि त्यासाठी ती आधी नीट पाहावी लागते. जुन्या बाजारात एका मुलीने शिलाई मशीन घेतलं, ते मी शेजारी उभं राहून पाहिलं. तिला साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायचं काम घरी सुरू करायचं होतं. काळं पायमशीन, लाकडी फळीचं. मुलीने आधी किंमत विचारलीच नाही. तिने पट्टा काढला आणि चाक हाताने सावकाश फिरवलं, कुठे अडतंय का ते बघायला. मग सुईखालची पट्टी सरकवून बॉबिनची डबी काढली, फुंकर मारली, परत बसवली. पिशवीतून सुती कापडाचा तुकडा आणि दोरा काढला. ते तिने घरूनच आणले होते. कापडाची दुहेरी घडी घालून वीतभर शिवलं आणि उलटून खालची बाजू पाहिली. टाका सारखा होता, दोऱ्याचा गुंता नव्हता. सुईखालचे दात बोट फिरवून तपासले, कारण ते झिजले असतील तर कापड पुढे सरकत नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, ‘‘काका, मशीन चांगलं आहे. पट्टा मात्र गेलाय. किती?’’

‘‘साडेचार हजार.’’

‘‘साडेतीनला जमेल?’’

‘‘नाही बाई. चारच्या खाली नाही परवडत.’’

‘‘नवा पट्टा घालून, तेलपाणी करून द्या. तीन हजार आठशे देते.’’

काकांनी क्षणभर मशीनकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘थांब, पट्टा घालतो.’’

या सौद्यात काय काय झालं बघा. तिने चांगल्याला चांगलं म्हटलं. दोष एकच सांगितला, तो खरा होता, आणि त्या दोषाच्या मानानेच शेवटचं मागणं केलं. पट्टा काही महाग नसतो. त्याच्या नावाखाली ती साडेतीनवरच अडून बसली नाही. शेवटी पैशांत जुळेना, तेव्हा तिने काम मागितलं. विकणाऱ्याला आणखी तीनशे रुपये सोडण्यापेक्षा पट्टा घालून देणं सोपं होतं. आपल्यातले पुष्कळ जण याच्या उलट वागतात. जी वस्तू हवी आहे तिलाच नावं ठेवतात. ‘भंगार आहे’, ‘फुकट दिलं तरी कोण नेईल’. मग समोरचा सरळ विचारतो, ‘मग घेताय कशाला?’ त्याचं काय चुकलं?

हीच घासाघीस आपल्या दारात उलटी होते, बोहारीण येते तेव्हा. तिथे विकणारे आपण असतो. या कामातल्या बहुतेक बायका मूळच्या गुजरातेतल्या वाघरी समाजाच्या. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं. पायरीवर बसल्या की एकेक कपडा उजेडात धरतात. शर्टाची कॉलर उलटून बघतात, काखेतली शिवण ताणतात, पँटची चेन वर-खाली करतात, साडीचे काठ बोटांतून सोडत शेवटपर्यंत नेतात. मग सुरू होतं, ‘ताई, अजून एक पँट टाका, हे पातेलं जड आहे.’ आणि आतून आपली ताई म्हणते, ‘एवढ्या कपड्यांत झाकणासकट डबा आला पाहिजे!’

हा संवाद मला फार आवडतो. दोघी तोडीस तोड असतात, आणि पुढच्या वेळीही त्याच दोघी भेटणार असतात. पण यात एक गोष्ट आपण धरतच नाही. कपाटातून काढलेले कपडे आपल्या लेखी टाकाऊ असतात, तिच्या लेखी तो माल असतो. भांडी तिने विकत आणलेली असतात. कपडे वाहून न्यायचे, निवडायचे, बाजारात विकायचे. पुढे कुणी ते धुऊन, उसवलेलं शिवून, इस्त्री करून पुन्हा विकतो. फाटका शर्ट घडीच्या आत लपवून गठ्ठ्यात सरकवणं, किंवा सौदा ठरल्यावर वरून एक वाटी उचलून घेणं, ही चलाखी नव्हे. आणि जे चांगले कपडे तिने ठरवून घेतले, त्यातला एखादा ‘थांब, हा राहू दे’ म्हणून मागाहून काढून घेणं तर अजिबातच बरं नाही.

जुनी जर घेणारे येतात, तेव्हा पारडं दुसऱ्या बाजूला झुकलेलं असतं. आजीच्या शालूची जर खरी असेल, तर तिच्यात चांदी असते, वर सोन्याचा मुलामा असतो. घेणाऱ्याला हे नेमकं ठाऊक असतं आणि देणारीला बहुधा नसतं. इथे देणारीने घाई करू नये. दोन ठिकाणी दाखवावं, सराफाला विचारावं. घेणारे आपण असू, तेव्हा काय करायचं? एखाद्या घरी पुस्तकांचं कपाट विकायला काढलं आहे, घरातली वाचणारी व्यक्ती आता नाही, आणि मागे राहिलेल्यांना त्या पुस्तकांची किंमत माहीत नाही. रद्दीच्या भावात मिळतंय म्हणून गप्प बसायचं का? बाजारात बसलेल्या व्यापाऱ्याशी सौदा वेगळा. आपला माल ओळखणं हे त्याचं कामच असतं, आणि त्याच्या नजरेतून निसटलेली वस्तू तुम्हाला सापडली, तर ती तुमची नजर. पण घरात, चहा पुढे करणाऱ्या माणसासमोर, मी तरी सांगून मोकळा होईन, की हा संच जपून ठेवण्यासारखा आहे, वेगळा विका.

कधी विकणारा अडलेला असतो. बदली झाली म्हणून फ्रिज विकायला काढलेला असतो, दवाखान्याचा खर्च निघावा म्हणून स्कूटर काढलेली असते. ‘शनिवारी ट्रक येतोय’ हे कानावर पडलं, की घेणाऱ्याचा आकडा एकदम खाली येतो. फ्रिज तोच, त्याचा कॉम्प्रेसर तोच. बदलली ती फक्त समोरच्याची अडचण. फ्रिज जुना आहे म्हणून कमी द्या, रबर सैल आहे म्हणून कमी द्या. माणूस अडलाय म्हणून कमी देऊ नका.

हल्ली बरेचसे सौदे फोनवरून होतात. वस्तू न पाहता, नमस्कारही न करता ‘लास्ट किती?’ एवढेच दोन शब्द येतात. पाहिल्याशिवाय शेवटचा भाव कुणी कसा सांगावा? आधी विचारा, कधी घेतली, दुरुस्ती काय झाली, बिल आहे का. येतो म्हटलं त्या वेळी जा. जमत नसेल तर तसं कळवा, कारण तुमच्या भरवशावर त्याने दुसऱ्याला नाही म्हटलेलं असू शकतं. आणि सगळ्यांत वाईट प्रकार म्हणजे फोनवर भाव पक्का करून, टेम्पो घेऊन दारात उभं राहिल्यावर ‘पाचशे कमी करा’ म्हणणं. न सांगितलेला दोष तिथे निघाला, तर गोष्ट वेगळी. तो दाखवा आणि मग बोला.

गाडीच्या बाबतीत भाव करतानाच कागदांचंही बोलून घ्या. नावावर करण्याची फी कोण भरणार, बँकेचा बोजा उतरवला आहे का, दुसरी किल्ली आहे का, थकलेले दंड कुणाचे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. ‘करतो सावकाश’ म्हणून हे राहून जातं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. गाडी विकलेली होती, पुढे आणखी हातांतून गेली होती, मग अपघात झाला. नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिलेली होती, आणि भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावर टाकली. म्हणून घेणाऱ्याने पैसे मोजतानाच फॉर्मवर सही करावी, आणि नाव बदलल्यावर नव्या आरसी बुकाचा फोटो विकणाऱ्याला आपणहून पाठवावा. त्याला तो मागायला लागू नये.