तीनास एक

आदरणीय सर, बाई आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

मी कॉम्प्युटरवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण मी कापसावर बोलणार आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांची फी कापसाच्याच पैशातून भरली गेली, तेव्हा हा विषय आपल्या हक्काचा आहे.

आधी एक कबुली. २००८ च्या जूनमध्ये मी पेरणीच्या दिवसांत घरी आले होते. बीटी सरकीच्या पाकिटासोबत तेव्हा १२० ग्रॅम नॉन-बीटी सरकीची वेगळी पुडी यायची. ती शेताच्या कडेने लावायची असे. बाबांनी विचारलं, "हे लावाचं का?" मी म्हटलं, "ज्यात अळी मारणारा जीनच नाही, ते मुद्दाम कशाला लावायचं? जागा वाया." पोरगी इंजिनिअर, म्हणून बाबांनी ऐकलं. पुडी धुऱ्यावर फेकली गेली. गावात बहुतेकांनी तेच केलं, पण आमच्या घरी ते माझ्या सांगण्यावरून झालं.

२०१७ मध्ये विदर्भभर गुलाबी बोंडअळी आली. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत किडकी सरकी आणि पिवळी कवडी. बाबा म्हणाले, "बियाणं बोगस निघालं." मलाही तसंच वाटलं.

पण ते तपासायचं कसं, हे डोक्यातून जाईना. शेवटी चाळिशी ओलांडल्यावर सुट्टी काढून मी वनस्पती जैवतंत्रज्ञानाच्या दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला बसले. बाकीचे सगळे कृषी पदवीधर, माझ्याहून वीस वर्षांनी लहान.

कोवळं पान खलात कुटायचं, सीटॅबच्या द्रावणात ६५ अंशांवर ठेवायचं, क्लोरोफॉर्मने साफ करायचं आणि वरून थंडगार अल्कोहोल सोडायचं. नळीत पांढरा धागा तरंगू लागतो, तो डीएनए. वर्धेच्या मुलीला कापसाच्या पानातूनही सूतच निघालेलं दिसलं! मग पीसीआर. डीएनएमधला हवा तेवढाच तुकडा हे मशीन दर फेरीला दुप्पट करतं, तीस फेऱ्यांत एकाचे अब्जावर. हे मला लगेच समजलं, आमच्या प्रोग्राममधला लूपच तो. शेवटी ते तुकडे जेलमधून विजेच्या प्रवाहाने पळवायचे. जीन असेल त्या खान्यापुढे पट्टी चमकते.

माझ्या पहिल्या जेलमध्ये सगळ्या पट्ट्या चमकल्या. मी खूश. मॅडमनी शेवटच्या खान्याकडे बोट दाखवलं. त्यात नुसतं पाणी घातलं होतं, तरी पट्टी! माझ्याच पिपेटमधून डीएनए सगळीकडे गेला होता. दोन दिवसांचं काम टाकून दिलं. कॉम्प्युटरवर चूक झाली की एक पाऊल मागे जाता येतं. इथे पुन्हा पान कुटण्यापासून सुरुवात.

शेवटी मॅडमच्या परवानगीने मी आमच्या पऱ्हाटीच्या बोंडांतल्या सोळा सरक्या तपासल्या. अकरांना पट्टी आली, पाच खाने रिकामे. पाण्याचा खाना या वेळी स्वच्छ होता.

बाई, तेव्हा तुमचा फळा आठवला. मेंडेलच्या वाटाण्यांचा चौकोन, तीनास एक. आम्ही तो पाठ केला, मार्क घेतले आणि विसरलो. बीटी बियाणं संकरित असतं. झाडाच्या पानात जीन असतो, पण त्याच झाडाच्या बोंडात धरणाऱ्या सरक्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात तो नसतो. बीजी-टूमध्ये असे दोन जीन आहेत, मी त्यातला एक तपासला. आणि गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. एका सरकीत विष, शेजारच्या सरकीत नाही. अशा बोंडांत चिवट अळ्या वाचत गेल्या आणि त्यांचीच पिलावळ वाढली.

म्हणजे बियाणं बोगस नव्हतं. जीन जागेवर होता, अळी बदलली होती. पुडीचं काम इथेच होतं. कडेच्या नॉन-बीटी झाडांवर साध्या अळ्या वाढाव्यात, त्यांच्या पतंगांची चिवट पतंगांशी जोडी जमावी, म्हणजे पुढची पिढी बहुतेक बीटीवर मरते. नुसत्या पुडीने सगळं वाचलं असतं असं मी म्हणत नाही. आपण फरदडही घेत राहिलो आणि अळीला उन्हाळ्यापर्यंत जेवू घातलं. पण पुडी फेकायला मी सांगितलं होतं.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पाकिटावर लिवलं होतं ते खरंच होतं." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. आता आमच्याकडे फरदड नाही. डिसेंबर संपला की पऱ्हाटी उपटतो आणि हंगामात कामगंध सापळे लावतो.

शाळेला एकच विनंती. मेंडेल शिकवाल तेव्हा वाटाण्यासोबत एक बोंडही फोडून दाखवा. वाटाणा आपल्याकडे किती जण पेरतात? पऱ्हाटी तर शाळेच्या कुंपणापर्यंत आहे.